लहान मुलांना ऑपेरा गाणं शिकवताना: पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात मी लहान मुलांना ऑपेरा पद्धतीचं गाणं शिकवते, जालना, बीड, परभणीकडची काही लेकरं ऑनलाइन असतात. फोनवर, व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलीयत. आधी हे वाचा आणि मग फोन करा, म्हणजे फोनवर तुमच्या लेकराबद्दल निवांत बोलता येईल.

ऑपेरा म्हणजे ते जोरात किंचाळणंच ना?

नाही हो. ऑपेरा म्हणजे गाऊन केलेलं नाटक. इटलीत फ्लॉरेन्सला १६०० च्या आसपास याची सुरुवात झाली, आणि मोंतेवेर्दी या संगीतकाराचा १६०७ चा 'ऑर्फेओ' हा ऑपेरा आजही रंगमंचावर होतो. आपल्याला हे काही अगदीच परकं नाही, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये संगीत शाकुंतल आणलं तेव्हापासून आपण नाटकात गाणं ऐकतोय. फरक इतकाच की आपल्या संगीत नाटकात संवाद बोलतात आणि मधे पदं येतात, ऑपेरात बहुतेक वेळा संवादसुद्धा गाऊनच म्हणतात.

दुसरा मोठा फरक म्हणजे माइक नसतो. समोर पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजत असतो आणि तरी गायकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. यात नुसती ताकद नसते. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आसपास सगळ्यात जास्त असतो, आणि तयार गायक घसा आणि तोंडाची पोकळी अशी ठेवतो की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळपास एक वेगळी धार येते, तिथे ऑर्केस्ट्रा कमी पडतो आणि माणसाचा कान मात्र तिथेच जास्त तीक्ष्ण असतो. म्हणून तो आवाज वेगळा ऐकू येतो. यूट्यूबवर फोनच्या स्पीकरमधून ऐकलं की तीच धार कर्कश वाटते, त्यात गायकाची चूक नाही.

मग माझ्या लेकराचा आवाज तसा कधी होणार?

लहानपणी होणार नाही, आणि व्हायलाही नको. या अख्ख्या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ती धार मोठ्या माणसाच्या शरीरातून येते. लहान मुलांचे स्वरतंतू आखूड असतात, नाजूक असतात, स्वरयंत्र मानेत वरच्या बाजूला असतं आणि छातीचा पिंजराही लहानच. अशा आवाजाकडून मोठ्या बाईचा किंवा बाप्याचा आवाज काढून घ्यायचा म्हटलं तर लेकरू घसा दाबतं, जीभ मागे ओढतं, हनुवटी पुढे काढतं, आणि मग जे निघतं त्याला घरचे टाळ्या वाजवतात. टीव्हीवरच्या स्पर्धांत दहा वर्षांची पोरं अवघड आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्याने गायची मोठी गाणी, म्हणतात आणि ते व्हिडिओ पालक मला पाठवतात, "हिला असं शिकवा" म्हणून. मी नाही म्हणते, दर वेळी नाहीच म्हणते. परदेशातसुद्धा आवाजाचं गंभीर शिक्षण साधारण अठराच्या पुढे सुरू होतं, आणि जड, वजनदार आवाज तर तिशीत जाऊन पक्के होतात.

मग लहानपणी शिकवायचं काय, तर श्वास, स्वच्छ स्वर, सूर धरून ठेवणं, शब्द नीट म्हणणं, गोष्ट सांगत गाणं, आणि दुसऱ्यांसोबत गाताना कान उघडे ठेवणं. हे सगळं हलक्या आवाजात होतं.

कितव्या वर्षापासून घेता? आमचं सात वर्षांचं आहे.

सातला घेते, पण सात ते नऊची मुलं फक्त गटात. तिथे खेळ, गोष्टी, चालींवर गाणं एवढंच असतं. दहा-अकराच्या पुढे एकेकट्याला वेळ देते. घरचा सराव लहानांना रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतो, मोठ्यांना अर्धा तास, तोही मधे थांबून. रविवारी एकदम दोन तास बसवू नका, त्याचा उपयोग नाही.

पहिल्या महिन्यात नेमकं काय करून घेता? मुलगी म्हणते "मॅडम नुसतं झोपवतात".

बरोबर सांगतेय ती. सतरंजीवर उताणं झोपायचं, पोटावर शाळेची दोनशे पानी वही ठेवायची आणि वहीकडे बघत श्वास घ्यायचा. श्वास आत गेला की वही वर आली पाहिजे, खांदे जागेवरच राहिले पाहिजेत. उभ्याने "मोठा श्वास घे" म्हटलं की जवळपास प्रत्येक लेकरू खांदे कानाला लावतं आणि छाती फुगवतं. झोपलं की ते आपोआप बंद होतं, कारण झोपल्यावर सगळेच नीट श्वास घेतात. मग "स्स्स" करत हवा हळूहळू सोडायची आणि वही एकदम धपकन खाली येऊ द्यायची नाही. इटालियन गायक याला अप्पोज्जो म्हणतात, म्हणजे हवा सोडताना बरगड्या लगेच मिटू न देता पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंवर तोलून धरणं. मुलांना तो शब्द सांगायची गरज नाही, वही पुरते.

त्यानंतर ओठांची फुरफुर. ओठ सैल ठेवून "ब्र्र्र" करत खालून वर, वरून खाली सूर फिरवायचा. घसा आवळला तर फुरफुर बंदच पडते, त्यामुळे लेकराला स्वतःलाच कळतं, मला टोकावं लागत नाही. आणि तिसरं म्हणजे स्ट्रॉ. ग्लासात दोन बोटं पाणी घ्यायचं, त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि तिच्यातून "ऊ" म्हणत बुडबुडे काढायचे. बुडबुडे सारखे आले म्हणजे हवा सारखी चाललीय. पुढून थोडा दाब परत येतो त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर न आपटता हलके मिटतात, आवाज बसलेल्या मोठ्या लोकांनासुद्धा व्हॉइस थेरपीत हाच व्यायाम देतात. मुलांना यात मजा येते आणि पाणी सांडतं, तेवढं चालवून घ्या.

वरचे सूर गाताना पोरगा पातळ आवाज काढतो, खोटा आवाज वाटतो. ते चालतं का?

चालतंच, तोच हवाय! सिनेमातली आणि स्पीकरवरची गाणी ऐकून मुलांना सवय लागते की खालचा जाड आवाजच ओढत वर न्यायचा, मानेच्या शिरा फुगेपर्यंत. ऑपेरात वर जाताना आवाज हलका करत जायचा असतो. डोक्यात घुमल्यासारखा वाटतो म्हणून त्याला हेड व्हॉइस म्हणतात. आधी पातळ लागतो, हवेशीर लागतो, म्हणजे आवाजात हवा मिसळल्यासारखी वाटते, आणि घरातले हसतात. कृपा करून हसू नका. मुलगे तर एकदा कुणी हसलं की तो आवाज परत काढतच नाहीत, मग मला काही महिने त्यातच घालवावे लागतात. नियमित सरावाने तो भरतो.

पट्टी विचाराल तर सुरुवातीला कीबोर्डवरचा मधला सी, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एक, तिथपासून वरच्या सी किंवा डीपर्यंत. एवढ्यात भरपूर गाणी बसतात.

इटालियन कसं जमणार? आमचं लेकरू मराठी मीडियमचं आहे, इंग्रजीच कच्चंय.

इंग्रजीचा इथे संबंधच नाही, आणि मराठी मीडियमच्या मुलांना इटालियन उच्चार लवकर येतात हे मी रोज बघते. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे आहेत, इंग्रजीतले ट-ड नाहीत. र जिभेने वाजवायचा, तो आपल्याला जन्मापासून येतो. जोडाक्षरं तर आपल्या रक्तातच आहेत, "बेल्ला" मधला ल्ल म्हणायला "पल्ला", "गल्ला" म्हणणाऱ्या मुलाला काय अडचण? "सोन्यो", "फील्यो" असले शब्दही सहज जमतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे आपल्याकडे च दोन आहेत. "चिमणी" मधला च इटालियन "चेलो" ला लागतो आणि "चमचा" मधला च "ग्रात्सिए" ला, आणि हे लेकराला आयतंच येत असतं.

अडचण येते ती दुसरीकडे. आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा स्वर खाऊन टाकतो, "राम" लिहितो आणि "राम्" म्हणतो, इटालियन शब्द मात्र बहुतेक स्वरावरच संपतात आणि तो शेवटचा स्वर पूर्ण गायचा असतो. दुसरं म्हणजे फ. आपण ओठ मिटून फ म्हणतो, तिथे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची असते. तिसरं, आ म्हणताना आपली मुलं जबडा पुरेसा उघडत नाहीत, दोन बोटं उभी मावतील एवढं तोंड उघडायला आरशासमोर शिकवावं लागतं.

अर्थ सांगितल्याशिवाय मी एकही ओळ गाऊन घेत नाही. ओळीचा अर्थ मुलाने स्वतःच्या मराठीत सांगायचा, मगच सूर.

मुलगी हिंदुस्थानी क्लासिकल शिकतेय, प्रवेशिका झालीय. दोन्ही एकत्र चालतंय का?

चालतंय, आणि अशा मुलींचा सूर पक्का असतो, तानपुऱ्याची सवय असते, त्यामुळे मला निम्मं काम आयतं मिळतं. फक्त दोन्हीचा रियाज लागोपाठ करू नका, एक सकाळी आणि एक संध्याकाळी ठेवा. काही गोष्टी वेगळ्या आहेत त्या मुलीला स्पष्ट सांगाव्या लागतात. तिकडे सा आपल्या सोयीने ठरतो, इकडे गाणं ज्या पट्टीत लिहिलंय तो सूर ठरलेला असतो. तिकडे मींड घेत सुरावर जातात, इकडे सूर एकमेकांना सलग जोडायचे पण मधे घसरायचं नाही. तिकडे मनोधर्म, म्हणजे गाता गाता आपल्या मनाने रचत जाणं, इकडे नोटेशन, म्हणजे लिहिलंय तेवढंच, आणि तरी त्यात स्वतःचं काही आणायचं. गुरुजींना विचारूनच या, त्यांची हरकत असेल तर मी मुलीला घेत नाही.

आणि आवाजातला कंप, ज्याला व्हायब्रेटो म्हणतात, तो मी शिकवत नाही. श्वास आणि घसा नीट चालला की मोठेपणी तो आपोआप येतो. हनुवटी हलवून किंवा पोट थरथरवून तो काढायला कुणी शिकवत असेल तर तिथून लेकरू काढून घ्या.

मुलाचा आवाज फुटतोय. क्लास बंद करू का?

बंद करू नका, पण गाणं बदलावं लागतं. साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मधल्या काळात सकाळचा आवाज एक आणि संध्याकाळचा वेगळा असं होतं, मधेच फाटतो, काही सूर गायबच होतात. या काळात जेवढे चार-पाच सूर आरामात येतात तेवढ्यातच गाऊन घ्यायचं, वर ओढायचं नाही. त्याचबरोबर ताल, नोटेशन वाचणं, उच्चार, अभिनय ही कामं भरपूर करून घेता येतात. मुलींचाही आवाज बदलतो, थोडाच उतरतो, पण वर्षभर हवेशीर आणि कोरडा लागू शकतो, आणि मुलींच्या बाबतीत हे कुणाच्या लक्षातच येत नाही म्हणून मुद्दाम सांगते.

घरात "काय बेडकासारखा आवाज झालाय" असं म्हणू नका. बरीच मुलं गाणं सोडतात ती या एका वाक्याने.

खाण्यापिण्याचं पथ्य काय? आईस्क्रीम, चिंच, तिखट बंद का?

खाल्लेलं-प्यायलेलं स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून खाली जातं, त्यामुळे चिंच खाल्ली की घसा गेला असं काही नसतं. रात्री उशिरा तिखट-तेलकट खाऊन लगेच झोपायची सवय मात्र वाईट, पोटातलं आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड होतो. आजीची खडीसाखर, ज्येष्ठमध यांनी घशाला बरं वाटतं, द्यायला हरकत नाही.

आपल्याकडे खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडी ठाक, वर धूळ, आणि रात्रभर पंखा तोंडावर. स्वरतंतू ओलसर राहायला पाणी दिवसभर थोडं थोडं प्यावं लागतं, क्लासच्या दारात गटागटा पिऊन काही होत नाही कारण ते शरीरात मुरायला वेळ लागतो. म्हणून उन्हाळ्यात मी क्लास सकाळी सातलाच ठेवते आणि दुपारी सराव करू नका म्हणून सांगते.

आणि आरडाओरड. मैदानावर, बसमध्ये, लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून ओरडून बोलणं, यातून मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात. तशा त्या लहान मुलांत बऱ्याच दिसतात आणि बहुतेक वेळा आवाजाला विश्रांती आणि व्हॉइस थेरपी दिली की बऱ्या होतात. पण सर्दी-खोकला नसताना आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर घरगुती उपाय करत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. तोपर्यंत माझा क्लास बंद.

मी झेडपी शाळेत शिकवतो. ऑपेरा येत नाही, फक्त पेटी आहे. मुलांकडून काही करून घेता येईल का?

सर, नक्की येईल, आणि मला सगळ्यात जास्त आनंद याच प्रश्नाचा होतो. आपल्या मातीत गाऊन गोष्ट सांगायची सवय मुरलेली आहे. पैठणच्या नाथांचं भारुड बघा, तिथे गाणारा एकाच वेळी पात्रही असतो, अंगात आल्यासारखा नाचतो, समोरच्याशी बोलतो आणि सूरही सोडत नाही. गोंधळी, पोवाडे म्हणणारे शाहीर, कीर्तनकार, हे सगळे माइक यायच्या आधीपासून गावभर ऐकू जाईल असं गातच होते. आवाज लावायची पद्धत ऑपेराची वेगळी आहे, ती तशीच ठेवायची, पण पात्र होऊन गाणं म्हणजे काय हे मुलाला समजवायला भारुडाइतकं जवळचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

असं करून बघा. चौथी-पाचवीची वीसेक मुलं घ्या आणि त्यांच्या ओळखीचा प्रसंग निवडा, आठवडी बाजार म्हणा. एक भाजीवाली, एक गिऱ्हाईक, एक हरवलेलं पोरगं. सगळं बोलणं गाऊनच करायचं अशी अट घाला, सूर फक्त सा, रे, ग, प. "भेंडी कशी दिली" हे मुलं चार सुरांत लगेच म्हणतात, आणि चिडलेलं गिऱ्हाईक आपोआप वरच्या सुरात जातं, तुम्हाला सांगावं लागत नाही. बाकीची मुलं बाजारातला गलका म्हणून मागे एकच ओळ धरून ठेवतात, तो तुमचा कोरस. नंतर दोन गट करून तीच ओळ थोड्या अंतराने सुरू करायला लावा, म्हणजे एकाच वेळी दोन सूर ऐकायची सवय लागते, आपल्या मुलांना ही सवय नसते आणि पुढे हीच सगळ्यात जास्त लागते. पेटी हळू वाजवा, पेटीच्या वर आवाज काढायला गेली की मुलं ओरडायला लागतात. स्नेहसंमेलनात करणार असाल तर डीजेवाल्याला त्या दहा मिनिटांसाठी सगळं बंद करायला सांगा आणि लोकांना जवळ बसवा.

मुलांनी खऱ्या ऑपेरात काम केल्याचं कुठे बघायला मिळेल?

पुष्कळ ऑपेरांत मुलांची कामं आहेत. मोझार्टच्या १७९१ च्या 'मॅजिक फ्लूट' मध्ये तीन मुलगे वाट दाखवत येतात. बिझेच्या 'कार्मेन' मध्ये (पॅरिस, १८७५) पहिल्या अंकात रस्त्यावरची पोरं शिपायांची नक्कल करत कवायत करतात. पुच्चीनीच्या 'ला बोहेम' मध्ये (१८९६) दुसऱ्या अंकात खेळणीवाला येतो आणि पोरं त्याच्या मागे लागतात, त्यातलं एक मूल तुतारी पाहिजे, घोडा पाहिजे म्हणून हट्ट करतं, आणि आया रागावतात. अगदी आपल्या जत्रेतला प्रसंग! माझ्या क्लासमध्ये मुलं हा भाग सगळ्यात आधी मागतात. पुच्चीनीच्याच 'तोस्का' मध्ये (१९००) तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एक मेंढपाळ पोरगा पडद्याआडून गातो. हुंपरडिंकचा 'हान्सेल आणि ग्रेटेल' (१८९३) ही मुलांचीच गोष्ट आहे, पण त्यातल्या भावाबहिणीची कामं मोठ्या गायिका करतात कारण त्या भूमिकांचं ओझं लहान आवाजाला झेपत नाही. यावरूनच समजून घ्या.

प्रत्यक्ष बघायचं तर मुंबई. चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये उघडलं, १९९३ पासून बरीच वर्षं बंद होतं आणि २०१६ मध्ये दुरुस्त होऊन परत सुरू झालं. नरिमन पॉइंटला एनसीपीए हे नाटक-संगीताचं मोठं केंद्र आहे. देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येतं, आधी कार्यक्रम आहे का बघा आणि मगच तिकीट काढा. आत गेल्यावर मुलांना एकच सांगा, माइक कुठे दिसतो का शोध.

परीक्षा असतात का?

असतात. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्था आहेत, दोन्हीकडे गायनाच्या आठ ग्रेड आहेत, वयाची अट नाही, आणि व्हिडिओ पाठवूनही परीक्षा देता येते. एबीआरएसएमची ग्रेड सहा किंवा पुढची द्यायची तर आधी थिअरीची, किंवा तिच्याऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या परीक्षेची, पाचवी ग्रेड लागते. मी पहिली दोन वर्षं परीक्षेचं नावच काढत नाही, कारण परीक्षा आली की वर्षभर तीनच गाणी घोटली जातात. बारा-तेराच्या पुढच्या मुलांना व्हाक्काई नावाच्या इटालियन शिक्षकाचे १८३२ मधले छोटे छोटे पाठ देते. त्यात नुसते आ-आ नसतात, पहिल्या पाठापासून खरे शब्द असतात, म्हणून ते आजही जगभर वापरतात.

यात करिअर आहे का?

प्रामाणिकपणे सांगते, भारतात फक्त ऑपेरावर पोट भरणं फार अवघड आहे. काम थोडं आहे, तेही बहुतेक मुंबई-गोव्याकडे, आणि पुढचं शिक्षण परदेशात, खर्चिक. पॅट्रिशिया रोझारिओ मुंबईत जन्मल्या आणि जगभर सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या गायिका, म्हणून गाजल्या, इथल्या तरुण गायकांना त्या शिकवतातही, म्हणजे वाट आहे, पण अरुंद आहे. दहा वर्षांच्या लेकराकडे बघून मी असलं काही वचन देत नाही आणि जो देईल त्याच्यापासून लांब राहा.

ऑनलाइन जमतं का? गावात रेंज कमी येते.

जमतं, पण एकत्र गाता येत नाही, आवाज पोचायला उशीर होतो. म्हणून साथीचा ट्रॅक मी आधी पाठवते, लेकराने तो घरच्या दुसऱ्या फोनवर लावून गायचं आणि मी ऐकायचं. रेंज गेली तर रेकॉर्डिंग पाठवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष यावंच लागतं, कारण खांदे, मान, गुडघे कॅमेऱ्यात नीट दिसत नाहीत.

कीबोर्ड घ्यावाच लागतो का?

सुरुवातीला नाही. घरात पेटी असेल तर तीच चालेल, नाहीतर फोनवरचं पियानोचं अॅप. वर्षभर टिकलं लेकरू, तर मग साधा ६१ पट्ट्यांचा कॅसिओ घ्या. कराओकेचा माइक मात्र आणू नका, माइक हातात आला की मुलं श्वास घ्यायचंच विसरतात.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

पाण्याची बाटली, एक दोनशे पानी वही, पेन्सिल आणि सैल कपडे. घट्ट जीन्स आणि कमरेला आवळलेला पट्टा नको. जेवण होऊन दीड-दोन तास झालेले असू द्या, पोट गच्च असलं की उताणं झोपून श्वास घेताना लेकराला त्रास होतो.